दिवे नवे लागले आणि आरसीसीबी पडू लागली

घरात नवे दिवे बसवून झाल्यावर आठ-पंधरा दिवसांत विजेचे काही वेगळे होऊ लागले, तर ते त्या कामामुळेच होत आहे असे आधी धरून चाला. बटण बंद केले तरी दिवा मिणमिणत राहतो. मिक्सर लावला की हॉलमधले दिवे लुकलुकतात. रात्री अचानक आपल्याच घरातली वीज जाते, शेजाऱ्यांकडे मात्र असते. स्विचबोर्डावर हात ठेवला तर कोमट लागतो. अशा वेळी घरात कुणीतरी म्हणतेच, "नवीन काम आहे, होईल सेट." विजेचे काम आपोआप सेट होत नाही. ढिला राहिलेला स्क्रू नंतर स्वतःहून आवळला जात नाही आणि सोलली गेलेली वायर पुन्हा झाकली जात नाही. दर दिवसाच्या तापण्या-निवण्याने ढिला जोड आणखी ढिला होतो आणि पावसाळ्यात ओल मुरली की उरलेसुरले इन्सुलेशनही जाते.

दसरा-दिवाळीच्या आधी रंगकाम, पीओपी आणि नवे दिवे हे आता एकाच दमात होते. रंगवाला पीओपीवाला आणतो, पीओपीवाल्याच्या ओळखीचा मुलगा वायरिंग करतो आणि घरमालक हौसेने दिवे निवडून आणतो. पूर्वी हॉलमध्ये एक ट्यूबलाइट आणि एक बल्ब असे. आता बारा-पंधरा डाउनलाइट, कडेने स्ट्रिप, मध्ये झुंबर आणि भिंतीवर दोन ब्रॅकेट असतात. यातल्या एकेका एलईडी दिव्याला वीज कमी लागते हे खरे आहे. पण जिथे चार जोड होते तिथे आता चाळीस झाले आहेत, आणि त्यातले बहुतेक फॉल्स सिलिंगच्या वर, कुणाच्याही नजरेस न पडणाऱ्या जागी आहेत. नव्या दिव्यांनंतरच्या तक्रारी या जोडांमधूनच उगवतात.

म्हणून "लोड वाढलाय, म्हणून पडतंय" हे उत्तर कुणी दिले तर लगेच मान डोलावू नका. हिशोब साधा आहे. 10 वॅटचे 20 डाउनलाइट म्हणजे 200 वॅट. आपल्याकडे घरगुती वीज 230 व्होल्टची, म्हणजे हे सगळे दिवे मिळून एक अँपिअरसुद्धा घेत नाहीत. जोडीला वीस मीटर स्ट्रिप लाइट असला तरी आणखी सव्वा-दीड अँपिअर होईल. दिव्यांच्या लाइनला असलेली 6 अँपिअरची साधी एमसीबीही, म्हणजे करंट जास्त झाला की लाइन तोडणारा खटकाही, एवढ्याने पडायला नको. ती पडत असेल तर बहुधा कुठेतरी वायर चेपली आहे, फेज-न्यूट्रल एकमेकांना टेकले आहेत किंवा एखादा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, खराब निघाला आहे. एक शक्यता मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. एलईडीचे ड्रायव्हर चालू होतानाच्या क्षणी नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढतात आणि एकाच बटणावर पुष्कळ दिवे असतील तर तेवढ्या झटक्यानेही एमसीबी पडू शकते. त्यावर इलाज म्हणजे दिवे दोन-तीन बटणांवर वाटणे, किंवा जाणकाराने वायरची जाडी पाहून योग्य प्रकारची एमसीबी निवडणे.

6 अँपिअरची काढून 32 ची बसवणे हा इलाज नव्हे. एमसीबी दिव्यांसाठी नसते, ती वायरसाठी असते. दिव्यांच्या लाइनला साधारणपणे 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची वायर असते. तिच्यातून झेपेल त्याहून जास्त करंट जाऊ लागला तर वायर वितळण्याआधी एमसीबीने तोडावे, एवढेच तिचे काम. मोठी एमसीबी लावली की भिंतीतली वायर आधी तापेल, जळेल आणि एमसीबी जागची हलणार नाही. जुन्या घरांत फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालण्याची जी सवय होती, तिचाच हा आजचा अवतार आहे.

आता आरसीसीबीविषयी, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. काही घरांत तिला अजून ईएलसीबी म्हणतात. डीबीमध्ये, म्हणजे घराच्या विजेच्या मुख्य पेटीत, एमसीबींच्या ओळीत एक रुंद खटका असतो आणि त्यावर 'टी' असे छोटे बटण असते, ती आरसीसीबी. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ती सतत पाहत असते. फरक पडला तर तेवढी वीज दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने, म्हणजे ओल्या भिंतीतून, लोखंडी बॉडीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत चालली आहे. घरगुती आरसीसीबी 30 मिलीअँपिअरच्या फरकाला सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत तोडते. 30 मिलीअँपिअर म्हणजे 6 अँपिअरचा दोनशेवा भाग. माणसाच्या छातीतून तेवढा करंट थोडा वेळ गेला तरी जीव जाऊ शकतो आणि एमसीबीला त्याचा पत्तासुद्धा लागत नाही. शॉक बसलेल्या माणसासाठी घरात जे एकच साधन आहे, ते हे.

आणि नव्या दिव्यांच्या कामानंतर सगळ्यात आधी हेच साधन काढून टाकले जाते. आरसीसीबी वारंवार पडते, घरातले वैतागतात, मग कुणीतरी येऊन तिच्या वरच्या वायरी थेट खालच्या वायरींना जोडतो आणि म्हणतो, "काका, डायरेक्ट करून दिलंय, आता पडणार नाही." पडणार नाही हे खरे आहे. यापुढे घरात कुणाला शॉक बसला तरीही पडणार नाही.

ती का पडत होती, हे शोधायला बहुतेक वेळा फार तर अर्धा दिवस लागतो. पण शोधणाऱ्याला कुठे पाहायचे ते माहीत हवे. एक नमुना सांगतो, कारण तो घरोघरी दिसतो आणि त्यात चुकीच्या वस्तूवर खर्च होतो. हॉलमध्ये भिंतीवर दोन पितळी ब्रॅकेट लाइट लावले. त्यानंतर सकाळी गिझर लावला की आरसीसीबी पडू लागली. आलेला माणूस म्हणाला, "काकू, तुमच्या गिझरमध्ये लिकेज आहे." गिझरचा एलिमेंट बदलला. तरी पडतेच. मग इस्त्री लावली तरी पडू लागली. काकूंनी नव्या ब्रॅकेटचे बटण बंद ठेवून पाहिले, दिव्यांची एमसीबीही पाडून पाहिली, तरी फरक नाही. म्हणजे दिव्यांचा संबंध नाही, अशी सगळ्यांची खात्री पटली.

संबंध दिव्यांचाच होता. ब्रॅकेट भिंतीवर आवळताना मागच्या लोखंडी पट्टीखाली काळी वायर, म्हणजे न्यूट्रल, चेपली गेली होती आणि तिचे इन्सुलेशन फाटून तांबे पट्टीला टेकले होते. पट्टीला नियमाप्रमाणे हिरवी अर्थची वायर जोडलेली होती. म्हणजे घरातला न्यूट्रल त्या जागी अर्थला भिडला. आता 2000 वॅटचा गिझर लावला की जवळपास 9 अँपिअर करंट न्यूट्रलने परत निघतो. त्यातला थोडा भाग ही नवी वाट धरून अर्थमधून जातो, गेलेल्या आणि आलेल्या करंटचा मेळ बसत नाही आणि आरसीसीबी तोडते. गिझर निर्दोष होता. तो फक्त एवढा मोठा करंट ओढत होता की दोष उघड व्हावा. आणि दिव्याचे बटण किंवा दिव्यांची एमसीबी बंद करून उपयोग का झाला नाही? कारण बटण फक्त फेज तोडते आणि आपल्या बहुतेक डीबींमधली एकेरी एमसीबीही फक्त फेजच तोडते. न्यूट्रल आतल्या पट्टीवर जोडलेलाच राहतो. हा दोष सापडायचा तर डीबीतल्या न्यूट्रल पट्टीवरून एकेका लाइनचा न्यूट्रल सोडवून तपासावा लागतो. ते काम घरच्यांचे नाही, ज्याला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचे यंत्र, लावता येतो त्याचे आहे.

घरच्यांनी एवढे करावे: आरसीसीबी पडली की सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. एखादी वर करताच आरसीसीबी पडली तर त्या लाइनवर फेजकडून लिकेज आहे. ती लाइन बंद ठेवून बाकीचे घर चालवता येईल. सगळ्या एमसीबी खाली असतानाही ती टिकत नसेल, किंवा कुठलेही जड उपकरण लावले की पडत असेल, तर वर सांगितला तसा न्यूट्रल-अर्थचा घोळ असण्याची शक्यता मोठी. हे निरीक्षण कागदावर लिहून ठेवा: काय चालू असताना पडली, पाऊस होता का, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची ओल आपल्या छताला आहे का. येणाऱ्याचा निम्मा वेळ वाचतो.

दुसरा नेहमीचा घोळ उसन्या न्यूट्रलचा. नवा दिवा लावायचा आहे, फेज जवळच्या बोर्डातून मिळाला, न्यूट्रल तिथे नाही, म्हणून दुसऱ्या खोलीच्या लाइनमधून ओढला. दिवा लागतो. पण दोन्ही लाइनना वेगळ्या आरसीसीबी असतील तर दोन्हींचा हिशोब चुकतो आणि दिवा लावताक्षणी त्या पडतात. इन्व्हर्टर असलेल्या घरांत हे फार होते, कारण तिथे दिव्यांची लाइन इन्व्हर्टरवर आणि बाकीची थेट मेनवर असते. इन्व्हर्टरचा फेज आणि मेनचा न्यूट्रल अशी सरमिसळ झाली की आरसीसीबी पडण्यापासून इन्व्हर्टर बिघडण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

इन्व्हर्टरबद्दल याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. मेन स्विच बंद केला म्हणजे घरातली वीज बंद झाली, हे इन्व्हर्टर असलेल्या घरात खरे नाही. मेन जाताच इन्व्हर्टर दिव्यांच्या लाइनला 230 व्होल्ट देऊ लागतो. शिडीवर चढून दिव्याला हात लावणाऱ्याने इन्व्हर्टरही बंद केलेला हवा आणि फेज, न्यूट्रल दोन्ही मीटरने तपासलेले हवेत. टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन मेली, असे समजू नका.

बंद केलेला एलईडी मंद जळत राहतो, याची कारणे दोन. बटणात छोटा इंडिकेटर दिवा असेल, किंवा दिव्याची वायर दुसऱ्या चालू वायरीच्या बाजूने लांबवर गेली असेल, तर अगदी थोडा करंट पाझरतो आणि एलईडीला तेवढा पुरतो. हे धोक्याचे नाही. दुसरे कारण धोक्याचे आहे: बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेले असणे. मग बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज उभा असतो आणि दिवा बदलायला गेलेल्याला शॉक बसतो. दोन्हींत फरक करणे जाणकाराला मिनिटाचे काम आहे, म्हणून विचारायला संकोच करू नका.

लुकलुकण्याचेही तसेच. एकच दिवा लुकलुकत असेल तर त्याचा ड्रायव्हर किंवा त्याचा जोड पाहावा. डिमरवर न चालणारा दिवा डिमरवर लावला असेल तर तो लुकलुकेल, गुणगुणेल आणि लवकर जाईल. एका लाइनवरचे सगळे दिवे लुकलुकत असतील तर त्या लाइनचा एखादा जोड ढिला आहे. पण एका खोलीतले दिवे एकदम प्रखर आणि दुसऱ्या खोलीतले मंद झाले, किंवा सगळ्या घराचे दिवे अचानक नेहमीपेक्षा लखलखू लागले, तर थांबून विचार करू नका. मेन बंद करा. थ्री-फेज पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर 230 ऐवजी 300 व्होल्टच्याही वर दाब जाऊ शकतो आणि फ्रिज, टीव्ही, दिवे काही मिनिटांत जळतात. वीज कंपनीला 1912 या क्रमांकावर कळवा. मीटरपर्यंतची जबाबदारी त्यांची, मीटरच्या पुढची आपली.

स्ट्रिप लाइटला लोक निर्धास्तपणे हाताळतात, कारण तो 12 व्होल्टचा असतो. 12 व्होल्टने शॉक बसत नाही, हे बरोबर. पण व्होल्ट कमी म्हणून करंट जास्त: 72 वॅटची पाच मीटरची पट्टी 230 व्होल्टवर एक तृतीयांश अँपिअरसुद्धा घेत नाही, 12 व्होल्टवर मात्र 6 अँपिअर घेते. केसासारख्या बारीक वायरीतून आणि प्लॅस्टिकच्या चिमट्यातून 6 अँपिअर गेले की तो चिमटा तापतो, पिवळा पडतो आणि सनमायकाच्या आत धुमसत राहतो. ड्रायव्हर पीओपीच्या आत गाडून वर झाकण बंद केलेले असते, त्याला हवा नसते आणि बदलायचा म्हटला तर छत फोडावे लागते. ड्रायव्हरजवळ हात जाईल एवढी झडप ठेवायला सांगा. फर्निचरवाला नाही म्हणेल. त्याचे ऐकू नका.

धातूच्या बॉडीचा दिवा असेल तर आतून हिरवी वायर निघते. ती अर्थला जोडायची असते. अनेक ठिकाणी ती मुळाशी कापलेली सापडते, कारण छतात अर्थची वायर आणलेलीच नसते. ज्या दिव्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते, त्याला अर्थ लागत नाही. बाकी धातूच्या दिव्यांना लागतेच. झुंबर किंवा आरशावरचा दिवा पुसताना हाताला झिणझिण्या आल्या तर ओल्या हाताचा दोष मानू नका. तो दिवा त्याच वेळी लाइनमधून बंद करा.

हे सगळे टाळण्याची खरी वेळ दिवे लावण्याआधी असते. घरगुती वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, पात्र माणसाच्या देखरेखीखाली व्हावे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे. बल्ब, पंखा किंवा बटण बदलणे त्यातून वगळलेले आहे. छतात नव्या लाइनी टाकणे वगळलेले नाही. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री झालेली पुष्कळ चांगली मुले आहेत, त्यांना शोधा. परवाना मागितल्याने कुणाचा अपमान होत नाही. ज्याच्याकडे असतो तो आनंदाने दाखवतो.

काम ठरवतानाच चार गोष्टी बोलून घ्या. सिलिंग बंद होण्याआधी सगळ्या वायरींचे फोटो काढायचे. सगळे जोड कनेक्टर आणि जंक्शन बॉक्समध्ये, नुसता पीळ मारून टेप नको. वायर आयएसआय खुणेची. आणि सिलिंग बंद होण्याआधी, दिवे जोडायच्या आधी, 500 व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासायचे. आकडा एक मेगाओहमच्या खाली आला तर काम पुढे न्यायचे नाही. दिवे जोडल्यावर मेगर लावला तर ड्रायव्हर जळू शकतात, म्हणून आधीच. जुन्या इमारतीत ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिला नवी तांब्याची वायर नुसती पिळून जोडू देऊ नका. असा जोड हवेतल्या ओलाव्याने गंजतो आणि तापतो.

शेवटचा हप्ता देण्याआधी सगळे दिवे तासभर चालू ठेवा, मग गिझर आणि इस्त्री लावा. स्विचबोर्ड आणि डीबी कोमट लागतात का पाहा. आरसीसीबीचे 'टी' बटण दाबून ती पडते का पाहा. हे बटण महिन्यातून एकदा दाबायची सवय ठेवा. त्यावरून अर्थिंग ठीक आहे हे मात्र कळत नाही, ते वेगळे तपासून घ्यावे लागते. बिल घ्या, पक्के. त्याच माणसाला दोष दुरुस्त करायची संधी द्या, लेखी निरोपाने. तो टाळत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे आणि ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बिल नसेल तर या दोन्ही ठिकाणी आपली बाजू लंगडी पडते.

आणि जळका वास, बोर्डावर तपकिरी डाग किंवा छतातून चरचर आवाज यांपैकी काही आढळले तर तपासणीची वाट पाहू नका. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा आणि जाणकार येईपर्यंत ते पुन्हा चालू करू नका.

हे वाचून झाल्यावर आपली डीबी उघडून पाहा. त्यात आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. नव्या दिव्यांच्या भानगडीत कुणी ती डायरेक्ट करून ठेवली असेल, तर त्या माणसाला किंवा दुसऱ्या परवानाधारकाला आजच फोन करा. दोष सापडेपर्यंत नव्या दिव्यांची लाइन बंद राहू द्या. दोन दिवस हॉलमध्ये दिवे लागले नाहीत तरी चालेल.